कोरी लेन : एलआरआरके२ या कायनेजच्या अँटिबॉडीचे प्रकरण

एका जेलमध्ये शेजारी शेजारी दोन लेन. पहिलीत साध्या उंदराच्या मेंदूचा अर्क. दुसरीतही मेंदूचाच अर्क, पण तो उंदीर असा की त्याचे एक जनुक मुद्दाम मोडून टाकले आहे, त्यामुळे त्या जनुकाचे प्रथिन त्याच्या अंगात कुठेच नाही. त्या प्रथिनासाठी म्हणून विकत घेतलेली अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रेणू, लावली, फिल्म धुतली, आणि दोन्ही लेनमध्ये एकाच उंचीवर, तितकाच ठळक बँड आला.

या कामातल्या माणसाला या चित्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पोटात खड्डा पडतो. दुसरी लेन कोरी असायला हवी होती. ओळख परेडमध्ये आरोपी उभाच केलेला नाही आणि साक्षीदार ठामपणे एकाकडे बोट दाखवतो आहे, तसे हे झाले. मग आधीच्या परेडींमध्ये त्याने कुणाकडे बोट दाखवले होते?

पार्किन्सनच्या आजाराशी नाते असलेल्या एलआरआरके२ या कायनेजच्या बाबतीत २००४ नंतरची कित्येक वर्षे असे प्रकार घडत राहिले. हे प्रकरण लिहावेसे वाटले ते यासाठी की यात कुणी लबाडी केल्याची गोष्ट नाही. माणसे मन लावून काम करत होती, शोधनिबंध समीक्षकांच्या नजरेखालून जात होते, तरी एकाच प्रथिनाबद्दल एकमेकांना छेद देणारी चित्रे छापून येत होती. आणि गुंता सुटला त्यामागे फार भव्य कल्पनाही नव्हती. ती दुसरी लेन सक्तीची झाली, एवढेच.

आरोपीची ओळख

कायनेज म्हणजे एटीपीच्या रेणूवरचा फॉस्फेटचा गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर नेऊन चिकटवणारे विकर. तो गट चिकटला की त्या प्रथिनाचा आकार, मुक्काम किंवा काम बदलते. माणसाच्या जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेज आहेत. एलआरआरके२ त्यातले अवाढव्य : २५२७ अमिनो आम्लांची साखळी, वजन सुमारे २८६ किलोडाल्टन. रोज हाताळली जाणारी बहुतेक प्रथिने याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी असतात. शिवाय याच साखळीत कायनेजच्या जोडीला जीटीपी हा एटीपीसारखाच रेणू तोडणारा आणखी एक भाग आहे, म्हणजे एका अंगात दोन विकरे.

२००२ मध्ये जपानमधल्या सागामिहारा इथल्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून आजाराचा धागा बाराव्या गुणसूत्रापर्यंत पोचला. २००४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे नेमके जनुक शोधले. एका गटाच्या अभ्यासात स्पेनच्या बास्क प्रदेशातली कुटुंबे होती. त्यांनी प्रथिनाचे नाव ठेवले ‘दार्दारिन’, बास्क भाषेतल्या ‘दार्दारा’ म्हणजे थरथर या शब्दावरून. आपण याच आजाराला कंपवात म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला ते नाव चटकन उमगते. पण ते रुळले नाही. रुळले ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळे.

या जनुकातला सर्वांत जास्त आढळणारा रोगकारक बदल जी२०१९एस : साखळीत २०१९ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन. ही जागा नेमकी कायनेजच्या भागात पडते आणि त्या बदलाने कायनेजची ताकद दोन-तीन पटींनी वाढते. उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर-अरब आणि अश्केनाझी ज्यू रुग्णांमध्ये हा बदल बराच सापडतो, भारतीय रुग्णांत अगदी क्वचित. औषधे शोधणाऱ्यांचे कान टवकारले ते ‘ताकद वाढते’ या शब्दांनी. एखाद्या विकराचे हरवलेले काम परत मिळवून देण्यापेक्षा वाढलेल्या कामाला लगाम घालणारा रेणू बनवणे पुष्कळच सोपे. पण त्याआधी दोन गोष्टी मोजता यायला हव्यात. प्रथिन आहे किती, आणि ते काम किती करते आहे. दोन्हीकडे मोजपट्टी एकच, अँटिबॉडी.

साक्षीदार का फुटले

ज्यांनी वेस्टर्न ब्लॉट केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेशींचा अर्क जेलमध्ये भरून वीज लावली की प्रथिने आकारानुसार वेगळी होतात, लहान खाली पळतात, मोठी वर राहतात. मग ती सगळी एका पातळ पडद्यावर उतरवून घ्यायची, त्यावर अँटिबॉडी सोडायची आणि ती जिथे चिकटेल तिथे रंग किंवा प्रकाश उमटवायचा. बँडची उंची आकार सांगते, ठळकपणा प्रमाण सांगतो. मात्र तो बँड कुणाचा, हे पडदा सांगत नाही. ते आपण कुपीवरच्या लेबलावरून ठरवतो, आणि गोची तिथेच होते.

मेंदूत एलआरआरके२ फार थोडे असते. मूत्रपिंडात, फुप्फुसात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींत ते भरपूर. पण आजार मेंदूचा, त्यामुळे बहुतेकांचे डोळे मेंदूकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, आणि त्या कळशाकडे आपल्याला शेवटी यायचेच आहे. खरे प्रथिन कणभर असले की माणूस साहजिकच फिल्म जास्त वेळ ठेवतो. जास्त वेळ ठेवली की अँटिबॉडी जिथे जिथे अर्धवट चिकटली आहे तिथले सगळे भुरके बँड पुढे येतात. त्यात २८६ किलोडाल्टनचे धूड जेलमधून पडद्यावर उतरायलाच नाखूश. उतरवण्याची वेळ कमी पडली तर खरा आरोपी जेलमध्येच अडकून राहतो आणि पडद्यावर उरतात ती भलतीच लहान प्रथिने.

सुरुवातीच्या बऱ्याच अँटिबॉडीज पॉलीक्लोनल होत्या. सशाला किंवा मेंढीला प्रथिनाचा तुकडा टोचायचा आणि काही आठवड्यांनी तिचे रक्त घ्यायचे. त्या रक्तात त्या तुकड्याविरुद्धच्या शेकडो प्रकारच्या अँटिबॉडीज असतात, काही नेमक्या, काही सैल. पुढच्या वेळी घेतलेल्या रक्तात ते मिश्रण बदललेले असते, आणि जनावर मेले की तो साठा कायमचा संपतो. दोन गटांनी एकाच कॅटलॉग क्रमांकाची कुपी दोन वर्षांच्या अंतराने घेतली तर त्यांनी एकच वस्तू वापरली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

हे दोष सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून तर अँटिबॉडीची परीक्षा घेण्याची पद्धत होती. मला या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते हे की त्या परीक्षाच कच्च्या होत्या.

एक परीक्षा अशी. पेशींत बाहेरून एलआरआरके२ चे जनुक घालायचे आणि त्या प्रथिनाचा अक्षरशः पूर आणायचा. मग ब्लॉट करायचा. जनुक घातलेल्या लेनमध्ये बरोबर उंचीवर काळाकुट्ट बँड येतो, न घातलेल्या लेनमध्ये काही नाही. दिसायला चोख. पण इतक्या पुरात जेमतेम चिकटणारी अँटिबॉडीसुद्धा हुशार ठरते. ती हे प्रथिन ओळखू शकते, इतकेच यातून कळते. मेंदूच्या अर्कातल्या हजारो प्रथिनांमधून ती फक्त यालाच ओळखेल का, हा प्रश्न विचारलेलाच नसतो. भरसभेत अध्यक्षांना ओळखणे वेगळे आणि गणपतीच्या गर्दीत हरवलेले पोर ओळखणे वेगळे.

दुसरी परीक्षा आणखी फसवी. ज्या तुकड्याविरुद्ध अँटिबॉडी बनवली तोच तुकडा तिच्यात आधी मिसळायचा आणि मग ती पडद्यावर सोडायची. बँड गेला तर म्हणायचे, अँटिबॉडी नेमकी आहे. पण तुकड्याने अँटिबॉडीचे हातच बांधून टाकलेले असतात. ती खऱ्या प्रथिनाला चिकटत होती की भलत्याला, हात बांधल्यावर दोन्ही बँड जाणारच. ही परीक्षा कित्येक वर्षे प्रतिष्ठेने मिरवली आणि अजूनही कुठे कुठे मिरवते.

मेंदूच्या कापांवर तर परिस्थिती आणखी बिकट. ब्लॉटवर निदान उंची दिसते. कापावर फक्त तपकिरी डाग. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत लुई बॉडी नावाचे प्रथिनांचे गोळे असतात. एलआरआरके२ त्यांत असते का, यावर काही गटांनी हो म्हटले, काहींनी नाही. ज्याच्या हातात जी अँटिबॉडी, त्याला ते चित्र. आजाराच्या मुळाशी जाणारा प्रश्न, आणि उत्तर मात्र कुपी कोणत्या फडताळातून काढली त्यावर.

लेन सक्तीची झाली

एलआरआरके२ नसलेले उंदीर तयार झाले आणि ते जगतात, वाढतात, पिल्लेही देतात हे दिसले. फरक दिसला तो मूत्रपिंडात : वय वाढेल तशी ती गडद होतात, त्यांत नको ते साठत जाते. २०१० च्या सुमारास हे प्रसिद्ध झाले. औषध बनवणाऱ्यांसाठी ती सावधगिरीची सूचना होती. अँटिबॉडीवाल्यांसाठी मात्र तो खजिना ठरला, कारण आता कोरी लेन हातात होती. ज्यात प्रथिन नाही असा मेंदू, असे मूत्रपिंड, असे फुप्फुस.

अभिनेता मायकल जे. फॉक्स याने २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या प्रतिष्ठानाने इथे एक व्यवहारी पाऊल उचलले. प्रत्येक गटाने आपापली अँटिबॉडी बनवावी आणि आपापल्या निष्कर्षाला कवटाळून बसावे, यापेक्षा मोनोक्लोनल अँटिबॉडीजचा एक संच पैसे घालून बनवून घ्यायचा, सगळ्यांच्या एकाच पद्धतीने परीक्षा घ्यायच्या आणि ज्याला हव्या त्याला मिळतील अशी सोय करायची. मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणारी, त्यामुळे साठा संपला तरी तीच पुन्हा बनवता येणारी. सशाच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीज या मार्गाने आल्या. उंदराच्या काही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या न्यूरोमॅब केंद्राने बनवल्या. २०१३ मध्ये यांचा एकत्र तपास प्रसिद्ध झाला : ब्लॉट, अर्कातून प्रथिन ओढून काढणे, ऊतकांचे काप, सगळीकडे नॉकआउट, म्हणजे जनुक मोडलेल्या उंदराचे, ऊतक सोबत ठेवून.

‘चांगली अँटिबॉडी’ असा सरसकट शेरा देऊन चालत नाही, हे त्या तपासात दिसले. ब्लॉटवर प्रथिन उकळून, साबण लावून, पूर्ण उलगडलेले असते. कापावर ते फॉर्मलिनने जखडलेले असते. अर्कात ते आपल्या नैसर्गिक घडीत असते. एका रूपात ओळखणारी अँटिबॉडी दुसऱ्या रूपापुढे आंधळी असू शकते. त्या संचातल्या दोन नावांनी पुढे जवळपास घराघरांत जागा मिळवली : सशाची एमजेएफएफ२, मूळ क्लोन सी४१-२, आणि उंदराची एन२४१ए/३४. या दोघी वेगवेगळ्या प्राण्यांच्या आहेत याचा एक फायदा पुढे कळेल.

आणखी एक बाब, जिच्यावर मी स्वतः आडमुठेपणाने अडून बसेन. या प्रथिनाचे मूत्रपिंडात सुमारे १७० किलोडाल्टनचे तुकडे सापडतात. अँटिबॉडी साखळीच्या सुरुवातीला चिकटणारी असेल तर एक चित्र दिसते, शेवटाला चिकटणारी असेल तर वेगळे. त्यामुळे ‘एलआरआरके२ कमी झाले’ असे लिहिताना कोणता भाग कमी झाला, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. आकृतीत बँडभोवतीची बोटभर पट्टी कापून छापण्याची जी खोड आहे, तिने नेमकी हीच माहिती कचऱ्यात जाते. पूर्ण ब्लॉट छापायला काय हरकत असते, मला कधी कळलेले नाही.

ज्याला हा ब्लॉट करायचा आहे त्याने चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ त्रास वाचतो. जेल विरळ हवे, मोठ्या प्रथिनांना वाट देणारे. ३ ते ८ टक्क्यांचे चढत्या घनतेचे ट्रिस-अ‍ॅसिटेट जेल इथे कामाला येते. प्रथिने पडद्यावर ओल्या पद्धतीने, थंडीत, सावकाश उतरवावीत. सात मिनिटांत काम उरकणारी यंत्रे या आकारापुढे कमी पडतात. मेंदूचा अर्क लावायचा असेल तर शेजारी मूत्रपिंडाचा लावावा, म्हणजे खरा बँड किती उंचीवर असतो ते डोळ्यांसमोर राहते. आणि उंदीर पाळायची सोय नसेल तर आरएडब्ल्यू २६४.७ या उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, पेशी वापराव्यात. त्यांत एलआरआरके२ भरपूर असते आणि त्यांचेच जनुक मोडलेले रूपही पेशींच्या सार्वजनिक संग्रहात मिळते. आपल्याकडे अँटिबॉडीची कुपी हजारो रुपयांची, ती कस्टममध्ये अडकली की बर्फ वितळेपर्यंतची धाकधूक वेगळी. त्या मानाने जोडीच्या या पेशी स्वस्तात पडतात, आणि गोठवून ठेवल्या की वर्षानुवर्षे कोरी लेन पुरवत राहतात.

हजेरी आणि काम

इथवर प्रथिनाच्या हजेरीचा प्रश्न सुटला. पण कायनेजची हजेरी लागली म्हणजे ते काम करते आहे असे नाही. कचेरीत खुर्चीवर कोट लटकतो आहे, साहेब जागेवर आहेतच असे नाही.

काम मोजायला फॉस्फो-अँटिबॉडी लागते, म्हणजे विशिष्ट जागी फॉस्फेट चिकटला असेल तरच ओळखणारी. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात डारिओ अलेस्सी यांच्या गटाने एलआरआरके२ च्या अंगावरच्या दोन जागा पुढे आणल्या : सेरीन ९१० आणि सेरीन ९३५. इथे फॉस्फेट असला की १४-३-३ नावाची प्रथिने येऊन एलआरआरके२ ला धरून ठेवतात. कायनेजला रोखणारा रेणू पेशींना दिला की ९३५ वरचा फॉस्फेट निघून जातो. झाले, मोजपट्टी मिळाली! औषधे शोधणाऱ्यांनी ती लगेच उचलली, आणि औषध लक्ष्याला जाऊन चिकटले की नाही हे पाहण्यासाठी ती आजही उत्तम आहे.

पण ती कायनेजचे काम मोजते का? तपशील विचित्र निघाले. ९३५ वरचा फॉस्फेट एलआरआरके२ स्वतः लावत नाही, दुसरी कायनेज लावतात. ज्या जी२०१९एस बदलाने ताकद वाढते त्यात ९३५ चा बँड वाढत नाही. आणि आर१४४१सी, आर१४४१जी, वाय१६९९सी, आय२०२०टी या रोगकारक बदलांत तर तो उलट कमी होतो. म्हणजे अँटिबॉडी अचूक, बँड खरा, नॉकआउटची लेन स्वच्छ कोरी, तरी प्रश्नाचे उत्तर चुकीचे. मला हा टप्पा पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. खोटा साक्षीदार उलटतपासणीत पकडता येतो. खरे बोलणारा, पण भलत्याच घटनेबद्दल बोलणारा साक्षीदार पकडायला जड जातो.

२०१२ मध्ये सेरीन १२९२ ही जागा पुढे आली. हा फॉस्फेट एलआरआरके२ स्वतःच स्वतःला लावते आणि जी२०१९एस मध्ये तो वाढतो. तत्त्वतः हीच हवी होती. अडचण एवढीच की साध्या पेशींत या जागी फॉस्फेट असलेले रेणू इतके थोडे, की नैसर्गिक प्रमाणात ते पकडणे फार कठीण.

कलाटणी आली २०१६ मध्ये. जर्मनीतल्या मार्टिन्सरीड इथल्या माक्स प्लांक संस्थेत माथियास मान यांचा गट आणि डंडीचा गट यांनी मिळून, पेशीतल्या हजारो फॉस्फेट-जागा एकदम मोजून, एलआरआरके२ नेमका कुणाला फॉस्फेट लावतो ते शोधले. उत्तर निघाले रॅब प्रथिने, पेशीतल्या पिशव्यांची ने-आण करणारी. त्यांतल्या रॅब१० वरची थ्रिओनिन ७३ ही जागा सर्वांत उपयोगी ठरली. पुरावा कसा बांधला ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी असे उंदीर वापरले की ज्यांच्या एलआरआरके२ मध्ये २०१६ व्या जागेचे एकच अमिनो आम्ल बदललेले, त्यामुळे औषध त्याला नीट चिकटत नाही. साध्या उंदराच्या पेशींना औषध दिले की रॅबवरचा फॉस्फेट जातो. या उंदरांच्या पेशींना तेच औषध दिले तर तो टिकतो. म्हणजे फॉस्फेट जाण्यामागे औषधाचा दुसरा कुठला उद्योग नाही, वाट एलआरआरके२ मधूनच जाते. कोऱ्या लेनचाच हा उलटा वापर : इथे बँड टिकणे हा पुरावा.

सुरुवातीला रॅब१० साठी चांगली फॉस्फो-अँटिबॉडी नव्हती. तेव्हा हिरोशिमात शोधलेली फॉस-टॅग ही युक्ती वापरली गेली. जेलमध्येच फॉस्फेटला धरणारा रेणू मिसळला की फॉस्फेटवाले प्रथिन मागे रेंगाळते आणि साध्या अँटिबॉडीनेही दोन वेगळे बँड दिसतात. काम होते, पण ते जेल लहरी. मग २०१८ मध्ये सशाच्या मोनोक्लोनल फॉस्फो-अँटिबॉडीज आल्या आणि त्यांतली रॅब१० ची एमजेएफ-आर२१ पाहता पाहता या क्षेत्राची नेहमीची अँटिबॉडी झाली. रॅब मंडळी एकमेकांची सख्खी भावंडे, फॉस्फेटच्या जागेभोवतीची अक्षरे जवळपास सारखी. त्यामुळे रॅब८ए साठी बनलेली अँटिबॉडी इतर रॅबनाही ओळखते, तर रॅब१० ची आपल्यापुरती राहते. हा फरक लेबल वाचून कळत नाही. एकेका रॅबचे जनुक मोडलेल्या पेशी तपासल्या तेव्हाच तो कळला.

आता ते दोन प्राण्यांचे. सशाची फॉस्फो-अँटिबॉडी आणि उंदराची एकूण प्रथिनाची अँटिबॉडी एकाच पडद्यावर एकदम लावता येतात. एक सशाच्या आणि एक उंदराच्या अँटिबॉडीला चिकटणारी, अवरक्त प्रकाशात वेगवेगळ्या रंगांनी चमकणारी अशा दोन दुय्यम अँटिबॉडीज वापरल्या की एक रंग काम दाखवतो, दुसरा हजेरी. पडदा खरवडून पुन्हा अँटिबॉडी लावण्याची कसरत टळते आणि दोहोंचे गुणोत्तर एकाच बँडवरून काढता येते. २८६ किलोडाल्टनच्या उंचीवर हीच जोडी जमते : उंदराची एन२४१ए/३४ आणि सशाची ९३५ ची अँटिबॉडी.

माणसाची कोरी लेन

उंदरांत जनुक मोडता येते. रुग्णाचे काय करायचे? रुग्णाच्या रक्तात एलआरआरके२ चे काम किती चालले आहे हे अँटिबॉडीने सांगायचे, तर कोरी लेन आणायची कुठून?

कळसा काखेत होता तो इथे सापडला. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींत एलआरआरके२ आणि रॅब१० दोन्ही भरपूर असतात. साध्या रक्तातून चुंबकी मण्यांच्या किटने त्या वेगळ्या काढता येतात. मग डंडीच्या गटाने बसवलेली पद्धत अशी : एकाच माणसाच्या न्यूट्रोफिलचे दोन भाग करायचे. एकात फक्त विद्रावक, दुसऱ्यात एमएलआय-२ हा एलआरआरके२ ला नेमका रोखणारा रेणू, २०० नॅनोमोलर, अर्धा तास. मग दोन्हींचा अर्क शेजारी शेजारी. दुसऱ्या लेनमध्ये रॅब१० चा फॉस्फो-बँड गेला तर पहिल्या लेनमधला बँड एलआरआरके२ च्या कामाचाच. प्रत्येक माणूस स्वतःची कोरी लेन स्वतःबरोबर आणतो. मला ही या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. भारतातल्या गटांसाठी तर ती मोलाची आहे. जी२०१९एस चे वाहक इथे इतके विरळ की तुलनेसाठी त्यांच्यावर विसंबून राहणेच शक्य नाही.

एक विघ्न मात्र आहे. न्यूट्रोफिल म्हणजे जंतू पचवणाऱ्या पेशी. त्यांच्या पोटात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचा दारूगोळा ठासून भरलेला. पेशी फोडली की तो मोकळा होतो आणि आपले प्रथिन डोळ्यांदेखत चिरफाळते. नेहमीचे प्रतिबंधक मिश्रण इथे पुरत नाही. डीआयएफपी नावाचे रसायन घालावे लागते. ते सेंद्रिय फॉस्फरस संयुग, मज्जातंतूंवर घाला घालणाऱ्या विषारी वायूंच्या घराण्यातले. विषारी वाफा खेचून घेणाऱ्या कक्षाबाहेर (फ्यूम हूड) त्याची बाटली उघडायची नाही. ज्या ब्लॉटमध्ये एलआरआरके२ नाहीसे झालेले दिसते आणि आपण अँटिबॉडीला शिव्या घालतो, तिथे बरेचदा दोष या पायरीचा असतो.

औषधांच्या चाचण्यांतही हीच जोडगोळी गेली. डेनाली कंपनीच्या डीएनएल२०१ या रेणूचे माणसांवरचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले तेव्हा औषध लक्ष्यापर्यंत पोचले हे दाखवायला रक्तातली ९३५ ची जागा आणि रॅब१० या दोन्ही मोजल्या होत्या.

अँटिबॉडीच्या परीक्षेचे हे वळण एलआरआरके२ पुरते राहिले नाही. मॉन्ट्रियलमधून चालणाऱ्या वायकॅरोस या उपक्रमाने नॉकआउट पेशी शेजारी ठेवून ६५ प्रथिनांवरच्या ६१४ विकाऊ अँटिबॉडीज तपासल्या आणि २०२३ मध्ये निकाल मांडला. निम्म्याहून जास्त अँटिबॉडीज एका तरी परीक्षेत नापास झाल्या. उत्पादकांनी नापास झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढून घेतल्या, सुमारे ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. पैसा ज्यांचा गुंततो तेच स्वतःहून मागे येतात, हे मला तरी अनपेक्षित होते.

आता मूळ प्रश्न, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. रुग्णाच्या रक्तात एलआरआरके२ चे काम वाढलेले दिसते का? २०२१ मध्ये न्यूट्रोफिलवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आर१४४१जी, म्हणजे तोच बास्क प्रदेशात आढळणारा बदल, ज्यांच्यात होता त्यांच्यात रॅब१० चा फॉस्फो-बँड ठळकपणे वाढलेला होता. जी२०१९एस च्या वाहकांत, ज्यांच्या नावाने वर्षानुवर्षे ‘ताकद वाढते’ म्हटले गेले, त्यांच्यात तो इतरांपेक्षा वेगळा काढता आला नाही. दोन-तीन पटींची वाढ माणसामाणसांतल्या नेहमीच्या चढउतारात बुडून जात असेल, किंवा त्या बदलाचा हिशेब रॅब१० पेक्षा १२९२ च्या जागेवर जास्त स्पष्ट लिहिला जात असेल. लघवीतल्या एक्सोसोममध्ये, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांत, १२९२ मोजण्याचे प्रयत्न त्याच दिशेने चालू आहेत. या वेळी मात्र कुणी अँटिबॉडीकडे बोट दाखवू शकले नाही. वाहक असोत, रुग्ण असोत की निरोगी, एमएलआय-२ दिलेल्या लेनमधला बँड सगळ्यांच्या रक्तात विझलेला होता.